सनपाय: १४ मे २०२४ च्या सौरज्वालेचा आलेख करवतीसारखा का येतोय?

क्षितिजा

नमस्कार मंडळी,

गेला महिनाभर सनपाय ही पायथनची लायब्ररी शिकते आहे. माझं रोजचं काम आकडेवारीचं, सौरभौतिकी हा काही माझा विषय नाही. पण मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहाने जे काही केलं ते वाचून राहवलं नाही. १०-११ मेच्या भूचुंबकीय वादळावर भरपूर लिहून झालंय, म्हणून मी त्याच समूहाची नंतरची एक ज्वाला निवडली: १४ मे, वर्ग एक्स८.७ (एक्स हा सर्वांत मोठ्या ज्वालांचा वर्ग), कळस १६:५१ यूटीसी.

ज्यांनी सनपाय पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सूर्याचा डेटा एका जागी नसतो. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या एसडीओ उपग्रहाचा डेटा स्टॅनफर्डच्या जेएसओसी या डेटाकेंद्रात, गोज उपग्रहांची क्ष-किरण मोजणी नोआ या अमेरिकी हवामानसंस्थेकडे, ज्वालांच्या नोंदी एचईके नावाच्या सूचीत, आणि बऱ्याच उपकरणांचा एकत्र शोध घ्यायला व्हीएसओ, म्हणजे व्हर्च्युअल सोलर ऑब्झर्व्हेटरी. प्रत्येकाला विचारायची पद्धत वेगळी. सनपायमधलं फिडो या सगळ्यांच्या दारी तुमच्या वतीने जातं. वेळ सांगा, उपकरण सांगा, तरंगलांबी सांगा, मध्ये 'आणि' किंवा 'किंवा' घाला. समोर तक्ता येतो आणि त्यातल्या हव्या त्या ओळी उतरवून घ्यायच्या. तो तक्ता पहिल्यांदा आला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. इतक्या वर्षांचा सूर्य, आणि कुणीही मागावा!

तरंगलांबी नुसती १७१ अशी दिली तर फिडो घेत नाही, १७१ अँगस्ट्रॉम असं एककासकट द्यावं लागतं. सुरुवातीला वैताग आला होता. आता वाटतं, असंच हवं.

अडचणी तीन आहेत. एसडीओवरच्या एआयए दुर्बिणीची १३१ अँगस्ट्रॉमची तासाभराची चित्रं मागवली. दर १२ सेकंदांना एक, म्हणजे ३०० फाइली, प्रत्येक ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलांची. उतरल्या व्यवस्थित, पण सगळ्या एकदम उघडल्या आणि लॅपटॉप गोठला.

दुसरी अडचण खरी डोकेदुखी आहे. ज्वालेभोवतीचा चौकोन कापला, प्रत्येक चित्रातल्या त्या चौकोनातल्या पिक्सेलांची बेरीज केली आणि ती वेळेसमोर मांडली. ज्वाला चढायला लागेपर्यंत रेषा गुळगुळीत. मग एकाएकी करवत: एक बिंदू वर, पुढचा एकदम खाली, त्यापुढचा परत वर. सूर्य १२ सेकंदांत असा उड्या मारत नाही एवढं मलाही कळतं.

तिसरी: त्याच वेळचा एचएमआय या एसडीओवरच्याच उपकरणाचा मॅग्नेटोग्राम, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं चित्र, शेजारी लावला. एआयएमध्ये समूह उजव्या कडेला आहे, एचएमआयमध्ये काहीच्या काही जागी. दोन्ही एकाच उपग्रहावरची उपकरणं आहेत ना?

निरभ्र

छान धागा. तिन्ही प्रश्नांवर लिहितो, पण दुसऱ्यावर जास्त, कारण तिथे मी स्वतः आठवडा घालवला आहे.

लॅपटॉप गोठण्याचा हिशोब सोपा आहे. फाइल दाबलेली असते म्हणून डिस्कवर लहान दिसते. उघडली की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४ म्हणजे सुमारे ६७ एमबी. अशी ३०० चित्रं म्हणजे २० जीबी. एक चित्र उघडा, तुमचा चौकोन कापा, बेरीज ठेवा, चित्र सोडून द्या, मग पुढचं. यादीत साठवूच नका.

आता करवत. एक काम करा. कळसाच्या आसपासची लागोपाठची दहा चित्रं घ्या आणि चित्र न काढता फक्त प्रत्येकाच्या हेडरमधला, म्हणजे चित्रासोबत येणाऱ्या माहितीच्या यादीतला, एक्स्पोजरचा आकडा छापा. सनपायच्या मॅपला (चित्र आणि हेडर एकत्र ठेवतो तो) 'एक्स्पोजर टाइम' विचारलं की तो मिळतो. काय दिसतं ते इथे लिहा, मग पुढे बोलू. उत्तर मी आत्ताच सांगू शकतो, पण ते आकडे तुमच्या डोळ्यांनी बघण्यात जी मजा आहे ती मला हिरावून घ्यायची नाही.

पहाटवारा

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पासाठी हेच शिकतोय. तिसऱ्या अडचणीवर माझा उपाय: एचएमआयचं चित्र उलटं येतं, खाली-वर. मी नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत ओळींचा क्रम उलटा करतो, झालं काम.

निरभ्र

@पहाटवारा, थांबा, यात एक खड्डा आहे.

एचएमआयचं चित्र खाली-वर पालटलेलं नसतं, ते १८० अंशांत फिरलेलं असतं. हेडरमध्ये सीआरओटीए२ हा आकडा बघा, जवळजवळ १८० असतो. म्हणजे उत्तर खाली आणि पश्चिम डावीकडे. तुम्ही फक्त ओळी उलट्या केल्या की उत्तर वर येतं, पण पूर्व-पश्चिम उलटीच राहते. मिळतं ते आरशातलं चित्र. मॅग्नेटोग्रामच्या बाबतीत हे फार वाईट, कारण डागसमूहातला पुढचा डाग कोणता, मागचा कोणता आणि कोणत्याची ध्रुवता काय, हाच तर अभ्यासाचा विषय असतो. शिवाय नमपायने आकडे हलवले तरी हेडर जुनाच राहतो, त्यामुळे त्यानंतर काढलेला प्रत्येक निर्देशांक चुकतो.

मॅपची स्वतःची 'रोटेट' पद्धत वापरा. ती हेडर वाचून फिरवते आणि फिरवल्यावर हेडरही बदलते. क्षितिजाताईंना दोन चित्रं एकमेकांवर ठेवायची असतील तर त्याहून सरळ रस्ता 'रीप्रोजेक्ट_टू'. एचएमआयचा मॅप घ्या, त्याला एआयएच्या मॅपची निर्देशांकव्यवस्था द्या, तो त्या जाळीवर बसून येतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: न फिरवताही सनपाय चुकत नाही. त्याच मॅपवर निर्देशांक देऊन बिंदू काढलात तर तो बरोबर डागावरच पडतो. लायब्ररी चित्र जसं आलं तसं दाखवते आणि त्याचा अर्थ हेडरमध्ये ठेवते.

पहाटवारा

बाप रे. माझ्या अहवालातली चार चित्रं आरशातली आहेत. सोमवारी द्यायचा होता, बरं झालं आज वाचलं. मनापासून धन्यवाद, निरभ्रदादा.

जुना वेधकरी

चर्चा वाचून आनंद झाला. मी सोलरसॉफ्टवाला. ती सौर डेटा हाताळायची नव्वदच्या दशकापासूनची व्यवस्था, आयडीएल भाषेत लिहिलेली, आणि आयडीएलचा परवाना विकत घ्यावा लागतो. संस्थेत होतो तोवर प्रश्न नव्हता. बाहेर पडलो त्या दिवशी माझे सगळे प्रोग्रॅम निकामी झाले. स्वतः लिहिलेला कोड, आणि मलाच चालवता येईना. म्हणून सनपायबद्दल मला जे वाटतं ते नुसत्या सोयीपुरतं नाही. २०११ मध्ये सुरुवात झाली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली तोवर मी पूर्ण इकडे आलो होतो.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. एआयएचा लेव्हल १ डेटा, म्हणजे प्राथमिक प्रक्रिया झालेला, थेट तुलनेसाठी तयार नसतो. वेगवेगळ्या वाहिन्यांच्या, म्हणजे तरंगलांब्यांच्या, दुर्बिणी किंचित वेगळ्या रोखल्या आहेत, पिक्सेलचा आकारही किंचित वेगळा. सोलरसॉफ्टमध्ये यासाठी एआयए_प्रेप होतं, इकडे एआयएपाय ही वेगळी छोटी लायब्ररी आहे: आधी रोख अद्ययावत करायचा, मग 'रजिस्टर' करायचं. त्यानंतर सगळ्या चित्रांत ०.६ आर्कसेकंदाला एक पिक्सेल आणि उत्तर वर. दोन्हीकडची उत्तरं पिक्सेल-पिक्सेल जुळवायला जाऊ नका, फिरवताना इंटरपोलेशन वेगळं होतं. चौकोनाची बेरीज मात्र जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी चूक आहे.

क्षितिजा

@निरभ्र, छापले आकडे! ज्वालेच्या आधी प्रत्येक चित्राला सुमारे २.९ सेकंद. ज्वाला चढायला लागली की एकाआड एक: २.९, मग त्याहून कितीतरी लहान, परत २.९, परत लहान. करवतीच्या दातांशी अगदी बरोब्बर जुळतं. म्हणजे कॅमेरा स्वतःच डोळे मिचकावतो आहे!

निरभ्र

बरोबर. एआयएमध्ये स्वयंचलित एक्स्पोजर नियंत्रण आहे. ज्वालेचा प्रकाश वाढला की ते एक्स्पोजर कमी करतं, पण सगळ्या चित्रांचं नाही, एकाआड एक. अर्धी चित्रं नेहमीच्या एक्स्पोजरची राहतात, म्हणजे आसपासचा मंद कोरोना (सूर्याचं बाहेरचं वातावरण) दिसत राहतो. उरलेली अर्धी लहान एक्स्पोजरची, म्हणजे ज्वालेचा गाभा जळून जात नाही. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. तुमच्या आलेखात त्या दोन वेगळ्या मालिका एकमेकींत विणल्या गेल्या.

मॅपला त्याच्या एक्स्पोजरने भागा. जुन्या उदाहरणांत यासाठी एआयएपायचं वेगळं फंक्शन दिसेल, आता मॅप भागिले एक्स्पोजर असं थेट लिहिलं तरी चालतं आणि एककही आपोआप 'दर सेकंद' होतं. भागून परत आलेख काढा.

त्रिज्या

डाउनलोडबद्दल माझे दोन शब्द. पूर्ण सूर्यबिंब उतरवायचंच कशाला? जेएसओसी तुम्हाला हवा तेवढा तुकडा कापून देतं. फिडोमध्ये जेएसओसीच्या शोधाला 'कटआउट' जोडायचा, खालचा डावा आणि वरचा उजवा कोपरा द्यायचा. ३०० बाय ३०० आर्कसेकंदांचा चौकोन म्हणजे ५०० बाय ५०० पिक्सेल, उघडल्यावर बरोबर १ एमबी. तीच ३०० चित्रं २० जीबीऐवजी ३०० एमबीत. कटआउटला 'ट्रॅकिंग' हा पर्याय असतो, चौकोन सूर्याच्या फिरण्याबरोबर सरकतो. तुमची ज्वाला कडेवरची आहे, तिथे तो बंद ठेवा. कडेबाहेरच्या जागेला फिरणारा पृष्ठभागच नाही.

जेएसओसीला ईमेल पत्ता लागतो आणि तो आधी त्यांच्याकडे नोंदवलेला असावा लागतो. पहिल्यांदा सगळेच इथे अडकतात.

मी स्वतः फिडोऐवजी डीआरएमएस ही लायब्ररी वापरते, तीही सनपाय परिवारातलीच. जेएसओसीशी थेट बोलते, आणि चित्र न उतरवता नुसते हेडरचे रकाने मागता येतात. क्षितिजा, तुला एक्स्पोजरचे आकडे बघायला ३०० फाइली उतरवायची गरजच नव्हती! एका प्रश्नात वेळ, एक्स्पोजर आणि गुणवत्तेचा रकाना, असा नीटस तक्ता येतो. ज्वाला कधी चढली, कॅमेरा कधी मिचकावू लागला, हे सगळं एकही चित्र न बघता कळतं. मी हल्ली प्रत्येक काम तिथूनच सुरू करते.

फक्त एक जपा. डीआरएमएसमधून फाइली मागवताना काही सांगितलं नाही तर त्या 'ॲज-इज' येतात, म्हणजे चित्र येतं पण हेडरमधले रकाने नसतात. मग सनपायचा मॅप उघडताना कुरकुरतो आणि माणसाला वाटतं फाइल खराब आहे. प्रोटोकॉल 'फिट्स' असा स्पष्ट सांगा. फिडोतून गेलात तर ही काळजी तोच घेतो.

समास

वाचतोय, वाचनखूण साठवली. एक शंका. मला २०१७ च्या ६ सप्टेंबरच्या ज्वालेशी या ज्वालेची तुलना करायची आहे. ती एक्स९.३, ही एक्स८.७, म्हणजे साधारण सारख्याच. पण फिडोतून गोजचा डेटा उतरवला तर २०१७ चा कळस ९.३ येतच नाही, १३ च्या वर जातोय. फाइल चुकीची आहे का?

निरभ्र

फाइल बरोबर आहे, आणि हा प्रश्न या धाग्यात आला हे फार चांगलं झालं.

वर्ग ठरतो गोजच्या १ ते ८ अँगस्ट्रॉम पट्ट्यातल्या क्ष-किरणांवरून. चौरस मीटरला एका वॅटचा दहा हजारावा भाग म्हणजे एक्स१. पण गोज-१५ आणि त्याआधीच्या उपग्रहांचे रोजच्या वापरातले आकडे आणखी जुन्या उपग्रहांशी जुळावेत म्हणून गुणक लावून दिले जात. या पट्ट्यासाठी तो ०.७ होता. गोज-१६ पासून तो काढून टाकला. जुन्या उपग्रहांचा जो डेटा नंतर शास्त्रीय वापरासाठी पुन्हा तयार केला, त्यातही तो काढलेला आहे, आणि तुमच्याकडे आलेली फाइल तीच. ९.३ भागिले ०.७ करून बघा: १३.३.

म्हणजे तुमच्या दोन ज्वाला सारख्या नाहीत. २०१७ ची एक्स९.३ जुन्या पट्टीवरची, २०२४ ची एक्स८.७ नव्या पट्टीवरची. एकाच पट्टीने मोजलं तर २०१७ ची दीडपट मोठी निघते. छापील याद्यांमध्ये हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मला हे मनापासून खटकतं. जुन्या ज्वालांबद्दल लिहिताना पट्टी कोणती ते लिहायलाच हवं.

आणखी एक: गोज शोधताना उपग्रहाचा क्रमांक द्या, नाहीतर एकाच वेळच्या दोन-तीन उपग्रहांच्या फाइली येतात. आणि वर्ग हा एका मिनिटाच्या सरासरीवरून काढतात, म्हणून एक सेकंदाच्या फाइलीतला कळस थोडा वर दिसला तर घाबरू नका.

समास

दंडवत. अर्धा लेख तुलनेवरच उभा होता, आता नव्याने लिहितो.

त्रिज्या

@समास, ज्वालांची यादी एचईकेमधून घेत असाल तर तिथेही बघून घ्या. एकाच ज्वालेच्या अनेक नोंदी असतात, कारण ती वेगवेगळ्या पद्धतींनी ओळखलेली असते. गाळणी लावली नाही तर मोजणी दुप्पट-तिप्पट होते. एकाच ओळखपद्धतीच्या नोंदी ठेवा, वर्गासकट हव्या असतील तर एसडब्ल्यूपीसीच्या, म्हणजे नोआच्या अवकाश-हवामान केंद्राच्या.

क्षितिजा

परत आले, आणि गोंधळ वाढलाय.

एक्स्पोजरने भागलं. चढणीवरचे दात गेले, रेषा सुरेख झाली. पण कळसाजवळ दात आहेतच, आणि आता उलटे! आधी लांब एक्स्पोजरची चित्रं वर आणि छोटी खाली होती. आता छोट्या एक्स्पोजरची चित्रं वर आहेत आणि लांब खाली. भागाकार दोनदा झाला की काय म्हणून तीनदा कोड तपासला. नाही झालेला.

निरभ्र

कोड बरोबर आहे. चित्र बघा. मघाशी मी आकडे बघा म्हटलं, आता चित्रच बघा. कळसाच्या वेळचं लांब एक्स्पोजरचं एक चित्र उघडा आणि ज्वालेच्या मधोमध सर्वांत मोठा आकडा किती ते विचारा.

क्षितिजा

१६ हजारांच्या आसपास. आणि एकच पिक्सेल नाही, शेकडो. मध्ये सगळं सपाट पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून वर-खाली उभ्या रेघा ओघळल्यात. तिरक्या रेषांची नक्षीही आहे, मोठ्या फुलीसारखी.

अच्छा! भांडं भरून वाहिलंय!

निरभ्र

अगदी हेच. कॅमेऱ्याचा आकडा १४ बिटांचा आहे, म्हणजे १६३८३ च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. प्रकाश दुप्पट आला तरी आकडा तोच. जास्तीचा विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत सांडतो, त्या तुमच्या उभ्या रेघा. तिरकी फुली हे दुर्बिणीच्या पुढच्या गाळणीला आधार देणाऱ्या बारीक जाळीवरचं विवर्तन. ते सूर्यावरचं काही नाही, तिला रचना समजून मोजू नका.

म्हणून २.९ सेकंदांचं चित्र कळसाला खरा प्रकाश कमी सांगतं, आणि ते २.९ ने भागलं की आणखी खाली पडतं. लहान एक्स्पोजरचं चित्र तेवढं भरलेलं नसतं, ते जास्त खरं बोलतं. दात उलटले ते यामुळे.

कळसाच्या आसपास फक्त लहान एक्स्पोजरची चित्रं ठेवा. १२ ऐवजी २४ सेकंदांना एक बिंदू मिळेल, चालतं. तीसुद्धा तपासून घ्या, इतक्या मोठ्या ज्वालेत छोटी चित्रंही भरलेली असू शकतात. आकडा जिथे वर चिकटलाय तिथे बेरीज करू नका, 'इथे माप नाही' असं सरळ लिहा.

जुना वेधकरी

हे उलटे दात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना सूर्याचं स्पंदन समजलो होतो. चोवीस सेकंदांचा आवर्तनकाळ काढला, वर्णपट काढला, सहकाऱ्यांना दाखवला. त्यांच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, कॅमेऱ्याचा आवर्तनकाळ किती? तेव्हापासून कुठलाही नियमित आवर्तनकाळ सापडला की आधी उपकरणाची घड्याळं बघतो.

वाहिन्या म्हाताऱ्या होतात हेही इथेच सांगून ठेवतो. १४ मेच्या एका तासाला फरक पडत नाही, पण कुणी २०१० ची ज्वाला आणि २०२४ ची ज्वाला शेजारी ठेवत असेल तर संवेदनशीलतेची घट दुरुस्त केल्याशिवाय ठेवू नये. ३०४ अँगस्ट्रॉमची वाहिनी तर सुरुवातीच्या काही वर्षांतच खूप मंदावली. एआयएपायमध्ये दुरुस्तीचं फंक्शन आहे.

पहाटवारा

माझी पण एक शंका विचारून घेतो. मार्च महिन्यातला एक पूर्ण दिवस उतरवला तर मध्ये तासाभराची चित्रं गायब किंवा काळी आहेत. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुन्हा उतरवून पाहिलं, तेच.

त्रिज्या

ती पृथ्वीची सावली. एसडीओ तिरक्या भूसमकालिक कक्षेत फिरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास सुमारे तीन आठवडे रोज थोडा वेळ पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. मधलं काही घेऊन ती पोकळी भरू नकोस, रिकामीच ठेव. हेडरमधला 'क्वालिटी'चा रकाना शून्य नसेल ती चित्रं आधीच बाजूला काढ.

डाउनलोड खरोखर अर्धवट राहिलं असेल तर ते वेगळं दिसतं. फिडोच्या उत्तरात चुकांची यादी असते. तेच उत्तर परत 'फेच'ला दे, राहिलेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा आणायला जातो.

समास

अवांतर: एकाच डेटासाठी इतकी दारं कशाला, असं मला आधी वाटायचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या इमारतीत पाण्याची नळी फुटली आणि जेएसओसीच्या सर्व्हरखोलीत पाणी शिरलं, तेव्हा कळलं. एसडीओचा पुष्कळ डेटा मिळेनासा झाला होता. तेव्हापासून कामाच्या फाइलींची नावं, शोधाचा पूर्ण प्रश्न आणि सनपायची आवृत्ती असं तिन्ही एका मजकूर फाइलीत ठेवतो. दार बदललं तरी तीच फाइल परत मागता येते.

निरभ्र

+१. वेळ लिहिताना यूटीसी की टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ) तेही लिहा. एचएमआयच्या मालिकांत नोंदीची वेळ टीएआयमध्ये असते, एआयएची यूटीसीत. २०१७ पासून दोन्हींत ३७ सेकंदांचं अंतर आहे. एचएमआयचा मॅग्नेटोग्राम ४५ सेकंदांना एक येतो, म्हणजे ३७ सेकंद चुकलात की बहुतेक वेळा शेजारचंच चित्र हातात येतं आणि पत्ताही लागत नाही.

क्षितिजाताई, मॅग्नेटोग्रामबद्दल एक राहिलं. १४ मेला हा समूह अगदी पश्चिम कडेवर होता. एचएमआयचा साधा मॅग्नेटोग्राम आपल्या दृष्टिरेषेतलं क्षेत्र मोजतो, कडेवर त्याला फारसा अर्थ उरत नाही. समूहाची चुंबकीय रचना बघायची असेल तर आठवडाभर मागे जा, ७ मेच्या आसपास तो मध्यावर होता.

क्षितिजा

मध्यावरचं चित्र काढलं. 'रोटेट' करून. काळ्या-पांढऱ्या ध्रुवता एकमेकींत किती घुसल्या आहेत! यातूनच सगळं बाहेर पडलं म्हणायचं.

आता आलेखाचं. लहान एक्स्पोजरची चित्रं वेगळी केली, भरलेली काढून टाकली, त्यावर गोजचा एक मिनिटाचा आलेख ठेवला. १३१ ची वाहिनी सुमारे १ कोटी केल्विनचा वायू दाखवते, त्यामुळे तिचा चढ क्ष-किरणांच्या चढाबरोबर जातो. कळसावर काही बिंदू गेले आहेत, तिथे रेषा तोडून ठेवली आहे.

पण आज सकाळी अंघोळ करताना एक गोष्ट लक्षात आली आणि तशीच येऊन संगणक उघडला. पहिल्या आठवड्यात मी पूर्ण डेटा न घेता फिडोमध्ये 'सॅम्पल' २ मिनिटं देऊन एक चाचणी केली होती. तेव्हा करवत आलीच नव्हती. सुंदर, गुळगुळीत रेषा. म्हणून तर १२ सेकंदांचा डेटा घेतल्यावर दात बघून मला वाटलं की नवीन काहीतरी बिघडलं. आता कळलं. २ मिनिटांत १० चित्रं, सम संख्या. एकाआड एक लांब-छोटं असताना दर दहावं चित्र घेतलं की सगळी एकाच जातीची येतात. ती जुनी चाचणी उघडून एक्स्पोजर छापले: सगळे २.९. माझी ती गुळगुळीत रेषा कळसावर पूर्णपणे भरलेल्या चित्रांची होती. १ मिनिट दिलं असतं तर ५ चित्रं, विषम, म्हणजे दात दिसले असते.

निरभ्र

हे माझ्या कधीच डोक्यात आलं नव्हतं. मी माझी सगळी जुनी कामं २ मिनिटांच्या सॅम्पलवर केली आहेत, कारण डिस्कवर जागा नसायची. आज रात्री सगळ्यांचे एक्स्पोजर छापून बघतो.

त्रिज्या

@निरभ्र, फाइली उतरवू नका, डीआरएमएसने नुसता रकाना मागवा. तारखा इथे टाका, अर्ध्या मी बघते.